कागदी मुलगे: चिनी बहिष्कार कायदा आणि तायशानची भावकी

६ मे १८८२ रोजी राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी सही केलेल्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत यायला दहा वर्षांची बंदी झाली. १८९२ मध्ये ती आणखी दहा वर्षांनी वाढली, १९०२ मध्ये पुन्हा वाढली आणि १९०४ मध्ये तिची मुदतच काढून टाकण्यात आली. ती उठली १७ डिसेंबर १९४३ रोजी, तीही जपानविरुद्धच्या युद्धात चीन मित्रदेश होता म्हणून. या एकसष्ट वर्षांत दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या तायशान तालुक्यातून आणि शेजारच्या कायपिंग, शिनहुई, एनपिंगमधून माणसं सान फ्रान्सिस्कोला येतच राहिली. कमी आली, कर्ज काढून आली, पण आली. त्यांतले पुष्कळजण कुणाचे तरी मुलगे म्हणून बोटीतून उतरले आणि प्रत्यक्षात त्या माणसाचे कुणीच नव्हते, किंवा फार तर पुतणे-भाचे होते. इतिहासात त्यांना ‘कागदी मुलगे’ म्हणतात.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. बंदीने स्थलांतर थांबलं नाही, त्याची सूत्रं दुसऱ्यांच्या हाती गेली. बंदीआधी कोण येणार हे मजूर हवे असलेले ठेकेदार, बोटीचं भाडं उसनं देणारे दलाल आणि येणाऱ्याची स्वतःची धमक यांवर ठरे. बंदीनंतर ते घरातले थोरले, एका आडनावाची भावकी आणि कागद पुरवणारे मध्यस्थ ठरवू लागले. सरकारला नात्याचा पुरावा हवा होता. भावकीने तो पुरवला, आणि पुरवता पुरवता कुणाला पाठवायचं, कुणाला गावीच ठेवायचं, कुणाकडून किती घ्यायचं हे सगळं तिच्या अखत्यारीत आलं.

तायशानच का

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची बातमी हाँगकाँगच्या बंदरातून पर्ल नदीच्या मुखालगतच्या तालुक्यांत लवकर पोचली. तायशानची जमीन डोंगराळ. वर्षभर पुरेल एवढा तांदूळ तिथे पिकत नसे. त्यात १८५० आणि १८६०च्या दशकांत स्थानिक आणि बाहेरून येऊन वसलेल्या हाक्का लोकांमध्ये रक्तरंजित लढाया झाल्या. तरुण पुरुष बाहेर पडले. आधी खाणी, मग सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचे रूळ, मग शेतमळे, लाँड्र्या, खाणावळी. पहिला गेलेला धाकट्या भावाला बोलवी, तो चुलतभावाला. त्यांच्या बोलीत अमेरिका म्हणजे ‘सोन्याचा डोंगर’.

एवढं सगळीकडेच घडतं. या प्रकरणात लक्षात ठेवायचं ते पुढचं: १८८२ साली दार बंद झालं तेव्हा आत कोण होतं, यावर पुढची साठ वर्षं ठरली. चीन अवाढव्य देश. त्यातल्या इतर प्रांतांतही दुष्काळ होते, बंडं होती, जगायला बाहेर पडू इच्छिणारी माणसं होती. पण ज्यांचं कुणी आधी अमेरिकेत नव्हतं त्यांना या बंदीतून वाट काढता आली नाही. म्हणूनच विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या चायनाटाउनांमध्ये, म्हणजे शहरांतल्या चिनी वस्त्यांमध्ये, मँडरिन ही प्रमाण चिनी भाषा नव्हे, तायशानची बोली ऐकू येई. खुल्या धोरणात नाती वाट सोपी करतात. बंद धोरणात नात्याशिवाय वाटच उरत नाही.

कायद्यातल्या फटी

बंदी मजुरांवर होती. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक, प्रवासी आणि राजनैतिक अधिकारी यांना सूट होती. आधीपासून राहणाऱ्या मजुरांना गावी जाऊन परत येता यावं म्हणून दाखले दिले जात. १८८८च्या स्कॉट कायद्याने ते दाखले एका रात्रीत रद्द केले आणि दाखला घेऊन गावी गेलेले सुमारे वीस हजार लोक बाहेरच अडकले. सरकारने दिलेल्या कागदाची किंमत सरकार केव्हाही शून्यावर आणू शकतं, हे भावकी इथे शिकली. पुढे सरकारी कागदापेक्षा तिने आपल्या साक्षीदारांवर जास्त भिस्त ठेवली, यात नवल नाही.

मजबूत ठरलेली फट होती जन्मजात नागरिकत्वाची. वाँग किम आर्क हा सान फ्रान्सिस्कोत जन्मलेला स्वयंपाकी. १८९४ मध्ये तो चीनला गेला आणि १८९५च्या ऑगस्टमध्ये परतला, तेव्हा तू नागरिक नाहीस असं म्हणून त्याला बंदरात बोटीवरच अडकवून ठेवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २८ मार्च १८९८ रोजी सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला: आईबाप परदेशी असले तरी अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला तो नागरिक. खटला जिंकलेल्या या माणसालाही १९०१ मध्ये टेक्ससमधल्या एल पासो इथे बेकायदा चिनी म्हणून अटक झाली होती.

निकालाचा दुसरा परिणाम कमी बोलला जातो. नागरिक बापाचं मूल परदेशात जन्मलं तरी, बाप कधी काळी अमेरिकेत राहिलेला असला तर, तेही नागरिक, असा कायदा आधीपासून होता. म्हणजे सान फ्रान्सिस्कोत जन्मल्याचं सिद्ध झालेल्या प्रत्येक पुरुषामागे तायशानमध्ये जन्मलेल्या त्याच्या मुलांची अख्खी रांग उभी राहू शकत होती. आणि १८ एप्रिल १९०६च्या भूकंपानंतरच्या आगीत सान फ्रान्सिस्कोच्या जन्मनोंदी जळाल्या. त्यानंतर ‘माझा जन्म इथलाच’ असं म्हणणाऱ्याला खोटं पाडायला सरकारकडे कागद नव्हता. त्याच्याकडे मात्र तो जन्मल्याचं सांगणारे दोन म्हातारे होते. हे दावे आगीच्या आधीपासूनच इतके झाले होते की एका न्यायाधीशाने १९०१ साली वैतागून म्हटलं होतं, हे सगळं खरं मानायचं तर पाव शतकापूर्वी इथे असलेल्या प्रत्येक चिनी बाईला शेकड्यांनी मुलं झाली असली पाहिजेत.

जागा कशी तयार होई

नमुन्यादाखल एक हिशेब मांडतो. तो कुणा एका माणसाचा नाही. पण त्या काळातल्या प्रकरणांत असाच क्रम वारंवार येतो. जन्माने नागरिक ठरलेला एक पुरुष गावी जातो, लग्न करतो, वर्षभर राहून परततो. बंदरावरचा अधिकारी विचारतो, मुलंबाळं? तो सांगतो, एक मुलगा. पाचसहा वर्षांनी पुन्हा गावी, पुन्हा वर्षभर. परतल्यावर सांगतो, आणखी दोन मुलगे. तिसऱ्या खेपेनंतर आणखी एक. नोंदीत चार मुलगे झाले. घरात प्रत्यक्षात एक मुलगा आणि एक मुलगी. मुलीची नोंद त्याने केलीच नाही, कारण तिच्या नावाच्या जागेला गिऱ्हाईक नव्हतं. उरल्या तीन मोकळ्या जागा, वयासकट, नावासकट, सरकारी दफ्तरात मुरत पडलेल्या.

पंधरा वर्षांनी त्या जागा वापरायच्या. पहिला हक्क सख्ख्या पुतण्याचा, मग चुलतघरचा, मग गावातल्या एकाच आडनावाच्या कुणाचा. तरीही जागा उरली तर विकायची. प्रचलित दर मुलाच्या वयाच्या दर वर्षाला सुमारे शंभर डॉलर असा सांगितला जातो. अठरा वर्षांच्या मुलाला अठराशे डॉलर लागत. लाँड्रीत इस्त्री करणाऱ्याची ही काही वर्षांची पूर्ण बचत झाली. हाँगकाँगमधल्या पेढ्या, ज्या एरवी परदेशातून आलेले पैसे आणि पत्रं गावोगाव पोचवत, त्या या व्यवहारातही मध्यस्थी करत.

विक्रीतही आडनावाला प्राधान्य का, हा या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आहे. प्रेम हे उत्तर अपुरं आहे. आडनाव एक असेल तर मुलाला खोटं आडनाव लावावं लागत नाही, हा एक भाग. गाव तेच असेल तर घराच्या खाणाखुणा शिकवाव्या लागत नाहीत, हा दुसरा. पण खरी गोष्ट वसुलीची. हा व्यवहार बेकायदा. पैसे बुडाले तर कोर्टात जाता येत नाही. मुलगा उतरल्यावर पैसे न देता पळाला, किंवा बापाने ऐनवेळी साक्ष फिरवली, तर दाद मागायची कुठे? गावात. मुलाचे आईबाप गावात आहेत, त्यांची जमीन गावात आहे, पूर्वजांच्या देवळातली त्यांची जागा गावात आहे. एका आडनावाच्या लोकांच्या संघटना सान फ्रान्सिस्कोतही होत्या. तंटे त्या सोडवत, काम लावून देत, मेलेल्यांची हाडं गावी पाठवत. या संघटनांच्या नजरेतून उतरलेल्या माणसाला चायनाटाउनमध्ये ना नोकरी, ना उधारी. नातं इथे तारण म्हणून गहाण पडलं होतं.

खोट्या बापाच्या अंगावरही जोखीम होती. एक कागदी मुलगा पकडला गेला की त्याच्या नावावरच्या सगळ्या जागा संशयित, त्यांत त्याच्या खऱ्या मुलाचीही. म्हणून परक्याला विकण्यापेक्षा कमी पैशात नातेवाइकाला देणं पुष्कळदा शहाणपणाचं ठरे. शिवाय हे एका पिढीत संपत नसे. कागदी मुलगा नागरिक झाला, गावी जाऊन आला, त्यानेही मुलगे नोंदवले. दुसऱ्या पिढीत कागदी नातू.

बेटावरची उलटतपासणी

२१ जानेवारी १९१० रोजी सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या एंजल आयलंडवर नवं तपासणी केंद्र सुरू झालं. त्याआधी चिनी प्रवाशांना धक्क्यावरच्या एका शेडमध्ये डांबत. बेट निवडण्यामागे एक उघड हेतू होता: आत असलेल्यांचा शहरातल्या नातेवाइकांशी संपर्क तोडणं. यंत्रणेने आपला प्रतिस्पर्धी बरोबर ओळखला होता. तिला समोरचा एकटा मुलगा अडवायचा नव्हता, त्याच्यामागचं जाळं फोडायचं होतं.

तपासणीची रीत साधी आणि क्रूर होती. दोन अधिकारी, एक लघुलेखक, एक दुभाषा. मुलाची जबानी वेगळी, बापाची वेगळी, साक्षीदारांची वेगळी. दुभाषाही प्रत्येक वेळी बदलायचा. मग तिन्ही जबान्या शेजारीशेजारी ठेवायच्या. तुमच्या घराचं तोंड कुठल्या दिशेला? गल्लीत किती घरं? तुमच्या रांगेतल्या तिसऱ्या घरात कोण राहतं? विहीर किती लांब? तांदळाची कणगी कुठल्या खोलीत? फरशी मातीची की विटांची? आजी कधी वारली, कुठे पुरली? घरात घड्याळ आहे का? प्रश्नांचा आकडा शेकड्यांत जाई. उत्तरं जुळली नाहीत की परत पाठवणी. अपील करता येई, पण निकाल लागेपर्यंत बराकीत राहायचं. कुणी काही आठवडे, कुणी महिनोन्‌महिने, काहीजण दीड-दोन वर्षंही. त्या बराकींच्या लाकडी भिंतींवर कैद्यांनी कोरलेल्या कविता आजही वाचता येतात.

उत्तर म्हणून तयार झाली पढवणीची वही. त्यात कागदी कुटुंबाची वंशावळ, गावाचा नकाशा, संभाव्य प्रश्न आणि ठरलेली उत्तरं. बोटीवर पाठ करायची आणि बंदर दिसायच्या आत समुद्रात फेकायची. चौकशी चालू असताना बापाने काय सांगितलं हे आत कळवायचं असेल तर बेटावरचे चिनी स्वयंपाकी कामी येत. सुटीत शहरात जाऊन ते चिठ्ठ्या आणत आणि त्या जेवणातून आत जात. १९२२ मध्ये पुरुष कैद्यांनी आपली एक संघटनाच उभारली. नवख्याला रीत समजावणं आणि चिठ्ठी योग्य माणसाच्या हाती पोचवणं ही तिची कामं.

आता यातली गंमत. हे सगळं खऱ्या मुलांनाही करावं लागे. दहाबारा वर्षांच्या पोराला शेजारच्या घराच्या पायऱ्या आठवत नाहीत. बाप आठ वर्षांपूर्वी गावी येऊन गेलेला. मधल्या काळात कणगी हलली, फरशी बदलली, आजी वारली. सख्खे बापलेक अगदी प्रामाणिकपणे दोन वेगळी उत्तरं देत. खुद्द वाँग किम आर्कचा थोरला मुलगा १९१० मध्ये आला तेव्हा जबानीतल्या विसंगतीवर बोट ठेवून अधिकाऱ्यांनी त्याचा दावा फेटाळला. ज्या माणसाच्या नावाचा निकाल देशभर लागू झाला, त्याला स्वतःचा मुलगा आपलाच आहे हे पटवता आलं नाही. त्याचे दुसरे तीन मुलगे १९२४ ते १९२६च्या दरम्यान आले आणि त्यांना प्रवेश मिळाला. परीक्षा नात्याची नव्हती, पाठांतराची होती, आणि नीट पढवलेला परका तिच्यात न पढवलेल्या पोटच्या पोरापेक्षा वरचढ ठरे.

यंत्रणाही शिकत गेली. प्रत्येक जबानी फायलीत जमा होई; नवा नातेवाईक आला की जुन्या सगळ्या फायली काढून पडताळा घ्यायचा. प्रश्न बारीक झाले, तशा वह्या जाड झाल्या. अनेक दशकांनी स्थिती अशी झाली की तायशानमधल्या अस्तित्वात नसलेल्या कुटुंबांची सर्वांत काटेकोर वंशावळ अमेरिकन सरकार सांभाळत होतं. एकदा सांगितलेला भाऊ पुढच्या वीस वर्षांत कुणालाही नाकारता येत नव्हता, कारण फाईल विसरत नसे. खोट्याला सरकारी दफ्तराइतका टिकाऊ आधार दुसऱ्या कुणी दिला नसता.

बायका कुठे गेल्या

१८९०च्या जनगणनेत अमेरिकेत १,०३,६२० चिनी पुरुष आणि ३,८६८ चिनी स्त्रिया होत्या. सुमारे सत्तावीस पुरुषांमागे एक स्त्री. १८७५च्या पेज कायद्याने वेश्याव्यवसायाचा संशय हे निमित्त करून चिनी बायकांची वाट आधीच अडवली होती. १९२४च्या कायद्याने नागरिकत्वाला अपात्र मानलेल्या वंशांच्या लोकांना स्थलांतरित म्हणून प्रवेश नाकारला. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९२५ या एकाच दिवशी दोन निकाल दिले. चिनी व्यापाऱ्याची बायको येऊ शकते, कारण व्यापाऱ्यांना तहाचं संरक्षण आहे. अमेरिकन नागरिकाची चिनी बायको येऊ शकत नाही. परक्याचा संसार चालेल, नागरिकाचा नाही! १९३० मध्ये थोडी ढील मिळाली, तीही १९२४च्या कायद्याआधी लग्न झालेल्या नागरिकांच्या बायकांपुरती.

या पार्श्वभूमीवर सगळा दोष कायद्यावर ढकलणं सोपं आहे. पण फायलींतला तो नोंदच न झालेल्या मुलींचा हिशेब पाहिला की दुसरी बाजू दिसते. घरातल्या थोरल्यांनाही सून गावीच हवी होती. ती सासू-सासऱ्यांना सांभाळे, पूर्वजांची पूजा चालू ठेवी, आणि मुख्य म्हणजे ती आणि मुलं गावी असेपर्यंत पैसे येत राहण्याची खात्री असे. बायको तिकडे गेली तर मुलगाही गेला. कायदा आणि घर यांचं हित इथे जुळलं, आणि दोघांच्या मध्ये सापडलेल्या बाईला कुणी विचारलं नाही. तिचा नवरा दहा वर्षांतून एखादं वर्ष घरी. मूल झालं नाही तर पुष्कळजणी मुलगा दत्तक घेत. त्याच्याही नावाची जागा सोन्याच्या डोंगरावर असे. आलेल्या पैशांतून कायपिंगमध्ये दरोडेखोरांपासून बचावासाठी उंच मनोरेवजा घरं उभी राहिली, जी २००७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. फोटोंत ती देखणी दिसतात. ती बांधली कुणाच्या मजुरीतून आणि राखली कुणी, हे फोटोत येत नाही.

व्यापाऱ्यांच्या सवलतीबद्दल थोडक्यात. १८९३च्या दुरुस्तीनुसार व्यापाऱ्याने अंगमेहनत करायची नाही, आणि परत येताना चिनी नसलेले दोन साक्षीदार द्यायचे. त्यामुळे एकेका दुकानाला कागदोपत्री डझनावारी भागीदार असत. १९१५ मध्ये खाणावळींच्या मालकांनाही व्यापारी मानलं गेलं आणि भावकीने पैसे जमवून खाणावळी काढायला सुरुवात केली. व्यवस्थापकाचं पद भागीदारांत फिरतं ठेवायचं, म्हणजे पाळीपाळीने प्रत्येकाला व्यापारी म्हणून घरच्यांना आणता येई. अमेरिकेच्या गावोगावी चिनी खाणावळ का दिसते, याचं निदान अर्धं उत्तर पाककलेत नसून या कलमात आहे.

एक तुलना

याच काळात कॅलिफोर्नियात पंजाबी शेतमजूरही होते. काही हजारच, आणि आलेले उशिरा, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या आसपास. १९१७च्या कायद्याने भारतातून येणं बंद झालं आणि १९२३च्या भगतसिंग थिंद खटल्यात त्यांना नागरिकत्व नाकारलं गेलं. नाती त्यांचीही घट्ट होती, गावी पैसेही जात. पण सान फ्रान्सिस्कोत जन्मलेली आधीची पिढी त्यांच्याकडे नव्हती, त्यामुळे ‘नागरिकाचा मुलगा’ ही जागा तयार करायला धागाच नव्हता. इंपीरियल खोऱ्यातल्या अनेकांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली आणि तिथेच दुसरं गोत उभं केलं. नातेसंबंध कितीही बळकट असले तरी ते कायद्याच्या कुठल्या कलमाला जोडता येतात, यावर त्यांचा स्थलांतरासाठी उपयोग ठरतो. भावनेची उत्कटता इथे कामाची नाही.

जाळं उलटं फिरतं

१९४३ मध्ये बंदी उठली तेव्हा जगभरातल्या चिनी वंशाच्या लोकांसाठी मिळून वर्षाला १०५ जणांचा कोटा ठरला. म्हणजे दार कागदोपत्री उघडलं. खरा बदल आला तो युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या बायकांना मिळालेल्या सवलतींनी. पुढच्या काही वर्षांत सुमारे सहा हजार चिनी स्त्रिया आल्या आणि चायनाटाउनमध्ये पहिल्यांदा मोठ्या संख्येने संसार दिसू लागले.

१९४९ मध्ये चीनमध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि कागदी मुलग्यांकडे पाहायची नजर बदलली. आता ते नुसते फसवणूक करणारे राहिले नाहीत, संभाव्य हेर झाले. हाँगकाँगच्या वकिलातीत नात्याच्या पडताळणीसाठी रक्तगट तपासणी सुरू झाली. १९५५च्या डिसेंबरमध्ये तिथले महावाणिज्यदूत एव्हरेट ड्रमराइट यांनी ही सगळी पद्धत म्हणजे संघटित फसवणूक आणि देशाला धोका आहे असा लांबलचक अहवाल पाठवला. १९५६च्या सुरुवातीला सान फ्रान्सिस्कोतल्या आडनाव-संघटनांना सभासदांच्या याद्या, हिशेब आणि फोटो असं सगळं दफ्तर हजर करण्याचे हुकूम निघाले. न्यायालयाने ते रद्द केले. पण सरकारला कुठे हात घालायचा हे नेमकं कळलं होतं.

मग आली कबुलीजबाबाची योजना. १९५६ ते १९६५च्या दरम्यान चालली. कागदी मुलग्याने पुढे येऊन खरं नाव, खरे आईबाप आणि आपल्या कागदी कुटुंबातले सगळे सदस्य सांगायचे. इतर अटी पूर्ण होत असतील तर त्याला कायदेशीर दर्जा मिळवून देण्याचा प्रयत्न होईल. माफीचं लेखी वचन नव्हतं. १९५७च्या एका कायद्याने, जवळचा नातेवाईक नागरिक किंवा कायम रहिवासी असेल तर, खोटं सांगून आलेल्यांना हद्दपारीतून सूट मिळायची सोय झाली, त्यामुळे कबुलीला थोडा कायदेशीर पाया आला.

‘सगळे सदस्य सांगायचे’ हा खरा पेच. एका जागेवर आलेला माणूस एकटा कबूल होऊच शकत नव्हता. त्याने बाप खोटा आहे म्हटलं की बापाच्या नावावर आलेले चारही मुलगे उघडे पडत. त्यांतला कुणी डाव्या संघटनेत असेल तर त्याच्यावर हद्दपारीची तलवार. हे काल्पनिक नाही: चिनी लाँड्री कामगारांच्या आणि तरुणांच्या डाव्या संघटनांतल्या लोकांविरुद्ध नातेवाइकांच्या जबान्या वापरल्या गेल्या. उलट आपण गप्प बसलो आणि दुसऱ्या कागदी भावाने आधी कबुली दिली तर आपण गुन्हेगार, तो सहकार्य करणारा. वेगवेगळ्या मोजण्यांनुसार अकरा ते चौदा हजार लोकांनी कबुली दिली आणि त्यांच्या जबान्यांत आणखी हजारोंची नावं आली. १९५०च्या जनगणनेत अमेरिकेतले सगळे चिनी मिळून १,१७,६२९ होते, हे लक्षात घेतलं म्हणजे कुठलंच घर यातून सुटलं नसेल, असं म्हणावंसं वाटतं.

मला इथे यंत्रणेची हुशारी मान्य करावी लागते. साठ वर्षं बाहेरून धडका मारून जे जाळं फुटलं नाही, ते आतून उसवलं, आणि तेही त्याच्या स्वतःच्या गुणधर्माचा वापर करून. एकमेकांच्या साक्षीवर उभी असलेली रचना एकमेकांच्या साक्षीनेच पडते.

१९६५ नंतरचा हिशेब

३ ऑक्टोबर १९६५ रोजी सही झालेल्या कायद्याने वंशानुसारचे कोटे गेले, पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला वर्षाला वीस हजारांपर्यंत व्हिसा मिळण्याची सोय झाली आणि कुटुंबाच्या पुनर्मीलनाला प्राधान्य आलं. नातेवाइकांना प्राधान्य देण्याचा आग्रह धरणाऱ्यांचा अंदाज होता की आधीच बहुसंख्य असलेल्या युरोपीय वंशाच्या लोकांनाच त्याचा फायदा होईल. नात्याच्या जोरावर स्थलांतर चालवायचा अनुभव कुणाकडे सर्वांत जास्त आहे, हे त्यांनी पाहिलं नव्हतं.

नव्या कायद्यात नागरिकाला आपल्या भावाबहिणीसाठी अर्ज करता येत होता. कागदी मुलग्यापुढे मात्र वेगळाच पेच आला. त्याच्या फायलीत जे भाऊ होते ते त्याचे नव्हते, आणि हाँगकाँगमध्ये वाट पाहत बसलेला सख्खा भाऊ फायलीत कुठेच नव्हता. सख्ख्या बहिणीचं तर नावही कधी कुणी उच्चारलं नव्हतं. म्हाताऱ्या आईसाठी अर्ज करायचा तर ती कागदावर काकू निघे. खऱ्या घरच्यांना आणायचं असेल तर आधी खोटं घर मोडायला हवं होतं. अनेकांच्या कबुलीमागे भीतीइतकाच हाही हिशेब होता. ज्यांनी वेळेत कबुली दिली त्यांच्या खऱ्या भावंडांची रांग सुरू झाली. ज्यांनी दिली नाही त्यांची नाती तिथेच थांबली.

आडनावांचं काय करायचं हे ज्याने त्याने आपापलं ठरवलं. काहींनी मूळ आडनाव परत घेतलं. काहींनी मुलांच्या शाळेचे दाखले, घराची कागदपत्रं आणि दुकानाची पाटी कशाला बदला म्हणून कागदी आडनावच ठेवलं. अशा घरांतल्या कबरींवर इंग्रजीत एक आडनाव आणि चिनीत दुसरं असतं. बंदीच्या काळातल्या फायली आता अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि त्यांत आपला आजोबा शोधायला येणाऱ्याला आधी हे माहीत असावं लागतं की तो कुठल्या आडनावाने बोटीतून उतरला होता.